डावखुरी गाठ

आनंदा, तुझी गाठ सापडली. माझ्याच मोटरीत सापडली, आणि त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तू गेलास त्याला आता तीन महिने होतील. पलूसच्या रस्त्यावर आपली दोन दुकानं समोरासमोर, दोन्ही पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायची, मध्ये चहाची टपरी. तुझं शटर खाली आहे. टपरीवाला अजून सवयीनं दोन कप भरतो, मग एक परत किटलीत ओततो. मला ते बघवत नाही. हल्ली मी चहा दुकानातच मागवतो, आणि तोही निम्मा तसाच राहतो.

तुझ्या दहाव्याला सगळे बोलले. ज्यांनी तुझ्या मोटरी उसन्या नेऊन वर्षवर्ष परत आणल्या नाहीत, तेही डोळे पुसून बोलले. मग कुणीतरी म्हणालं, "मेजर, तुमी बोला." मी फौजेतून हवालदार म्हणून उतरलो, पण आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. पंधरा वर्षं वर्दीत काढली, पण चार वाक्यं बोलता येईनात. म्हणून हे लिहायला घेतलं. तुझी स्तुती करायला नव्हे, ती झाली. मला तुला काही विचारायचं आहे, आणि जमलं तर थोडं भांडायचंही आहे.

झालं असं. तुझं दुकान बंद, म्हणून तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडं यायला लागली. एका सकाळी सदाशिव बापू ट्रॉलीतून पाच एचपीची मोटर घेऊन आले. नदीकाठचा ऊस, बोलणं कमी आणि तंबाखू जास्त, तुला बापू माहीतच आहेत. मोटर जळाली होती. मी बॉडीवरचा नंबर बघितला तर माझा. भरलेल्या प्रत्येक मोटरीवर पंच मारून नंबर टाकायचा ही माझी फौजेतली खोड. तू त्यावर कायम हसायचास, "मोटर हाय का बंदूक?" म्हणायचास. नंबरावरून कळलं की मी दुकान टाकल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात भरलेली ही मोटर. म्हणजे माझं काम अकरा वर्षं टिकलं. छाती फुगली. बापूंना म्हणालो, "बगा बापू, काम आसं पायजे." त्यांनी मान हलवली आणि बाजूला जाऊन थुंकून आले.

मग मी झाकण काढलं.

तुला सांगायला नको, पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगतो. मोटर भरायची म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी आत बसवायची. ती बसली की त्यांची बाहेर आलेली टोकं सुती दोरीनं आवळून बांधायची, आणि वरून वार्निश पाजून वाळवायचं; ते ओलं राहिलं तर मोटर लवकर जळते. ही बांधणी ज्याची त्याची असते, माणसाच्या अक्षरासारखी. तू डावखुरा. या पट्ट्यात मोटर भरणारा डावखुरा माणूस तू एकटाच. तुझी गाठ उलट्या अंगाला पडायची आणि दोरीचं टोक तू आत दुमडायचास. बापूंच्या मोटरीवर नंबर माझा होता आणि आत एकूण एक गाठ तुझी. बेअरिंगलाही तुझंच ते पिवळं ग्रीस.

"बापू, ही मोटर मदी आनंदाकडं नेल्ती का?"

"नेल्ती की. तुमीच न्हाई का पाठवलं?"

"मी?"

"आवं, तुमच्याकडनं भरून नेली आन महिन्यात जळाली. मी आल्तो तुमास्नी शिव्या द्यायला. तुमी कुठं लग्नाला गेल्तासा. समोरनं आनंदा आला. म्हणला, मेजरनं सांगून ठिवलंय, त्येंच्या ग्यारंटीतलं काम मी करून द्यायचं. तीन दिवसांत भरून दिली, तवर सोताची मोटर जोडून दिली, वर पैसं घेतलं न्हाईत." बापू माझ्याकडं कौतुकानं बघत होते. "तवापास्नं मी समद्यास्नी सांगतो, मेजर शब्दाचा लय पक्का हाय."

मी कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतं, आनंदा. तुला तर मुळीच नाही. आपण तेव्हा एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हतो.

ते का बोलत नव्हतो, ते मला इतकी वर्षं आठवायचं नव्हतं. आता आठवून बसलोय. फौजेतून आलो तेव्हा तूच मला हाताशी घेतलंस. शाळेत आपण एका बाकावर होतो, तेवढ्या ओळखीवर तू मला दोन वर्षं शेजारी बसवून मोटर भरायला शिकवलंस. आणि मी काय केलं, तर तुझ्याच समोर गाळा घेतला. तू नारळ फोडायला आलास. तुझ्या बायकोनं पेढ्याचा पुडा पाठवला. मी बाहेर पाटी लावली: आज टाका, उद्या न्या. तुझ्याकडं तीन दिवस लागायचे, कारण तू वार्निश पुरतं वाळल्याशिवाय मोटर हातातून सोडायचा नाहीस. उन्हाळ्यात शेतकऱ्याला तीन दिवस म्हणजे जीव जाण्याची गोष्ट. त्यावर तुझा तोडगा म्हणजे त्या उसन्या मोटरी. पाच-सहा जुन्या मोटरी तू नीट करून ठेवल्या होत्यास. तुमची माझ्याकडं हाय तवर माझी तुमच्या हिरीवर जोडा, असा तुझा सगळा कारभार. मी टपरीवर सगळ्यांसमोर म्हणायचो की आनंदानं दुकान न काढता धर्मशाळा काढायला हवी होती. तू हसायचास आणि माझ्या चहाचे पैसे द्यायचास.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या दारात गर्दी झाली. त्या गर्दीत तू एक दिवस रस्ता ओलांडून आलास, मी बाहेर काढून ठेवलेल्या मोटरीला बोट लावलंस आणि हळूच म्हणालास, "दत्ता, ओलं हाय रं आजून."

तू हळूच म्हणालास. मी मात्र ओरडलो. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत. "पंधरा वर्षं जनरेटर दुरुस्त केलेत मी बर्फात. मला शिकवू नको. गिऱ्हाईक तुटतंय म्हणून पोटात दुखतंय तुझ्या." नेमके हेच शब्द. मला ते विसरायला आवडलं असतं. तू बोट फडक्याला पुसलंस आणि परत गेलास. त्यानंतर जवळजवळ सव्वा वर्ष आपण बोललो नाही. टपरीवर तू उत्तरेच्या बाकावर बसायचास आणि मी दक्षिणेच्या. चहा मात्र एकाच किटलीतला.

आता मला हे विचारायचं आहे. ज्या माणसानं चार लोकांत तुझा असा पाणउतारा केला, त्याच्या जळालेल्या मोटरी तू त्याच्याच नावानं भरून का दिल्यास? नुसतं गप्प बसायचं होतं. दोन उन्हाळ्यांत माझं दुकान आपोआप बंद पडलं असतं.

बापूंची मोटर सापडायच्या आधीच्याच आठवड्यात सांगलीहून एका पंप कंपनीचा माणूस येऊन गेला होता. तरुण पोरगा, हातात फाइल, बोलायला गोड. त्यांना या भागात आपलं अधिकृत दुरुस्ती केंद्र काढायचं होतं आणि ते माझ्याकडं द्यायचं होतं. मी म्हणालो, मीच का? तर म्हणाला, "आम्ही गावोगाव विचारून आलोय. तुमचं गुडविल फार चांगलं आहे. लोक म्हणतात, मेजरची मोटर परत येत नाही." आनंदा, खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी घरी जाऊन आरशात बघितलं. पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी आपण होऊन दारात आलं होतं, माझं नाव मागायला. महिनाअखेर सही करायची ठरली.

आणि आठवड्यात बापूंची मोटर. मेजरची मोटर परत येत नाही, हे खरंच होतं. ती तुझ्याकडं जात होती.

मला एका मोटरीवर थांबता येईना. एक बंदूक खराब निघाली तर सगळ्या तुकडीच्या बंदुका तपासायच्या, ही आमची फौजेतली सवय. मी गावोगाव निरोप धाडला: मी भरलेली जुनी मोटर असेल तर आणा, उन्हाळ्याआधी फुकट तपासून देतो. झालं, लोकांनी मला डोक्यावरच घेतलं. "बगा, ह्येला म्हणत्यात जबाबदारी," असं टपरीवर माझ्यादेखत कुणी बोललं. मी माझी चोरी शोधायला निघालो होतो आणि गाव माझा आणखी मोठेपणा करत होतं. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

चौदा मोटरी उघडल्या. नऊ मोटरींमध्ये तुझी गाठ. सगळ्या पहिल्या दोन उन्हाळ्यांतल्या. प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकाची गोष्ट तीच: मेजरनं पाठवलंय, ग्यारंटीत हाय. शिवाय तू प्रत्येकाला बजावलं होतंस, "ही मोटर पुढं काय झालं तरी माझ्याकडंच आणा, मेजरला तरास नको." म्हणून इतकी वर्षं त्यातली एकही माझ्या हाताखाली आली नव्हती. एक जण तर म्हणाला, "त्यानं सांगितलं, तुमच्या लाइटीचं व्होल्टेज पडलं म्हणून जळली. मेजरच्या भरण्यात खोट न्हाई म्हणला." तो बिचारा वायरमनला शिव्या घालून आला होता.

पाचव्या की सहाव्या मोटरीला मला तुझा राग आला. खरंच आला. पक्कड आपटली मी. तुला हे कुणी करायला सांगितलं होतं? मला दोन फटके बसले असते तर मी लवकर शिकलो असतो. मला चुकायचं होतं ते तू चुकू दिलं नाहीस, आणि वर मला ताठ मानेनं फिरू दिलंस. माझ्या आयुष्यातली दोन वर्षं तू माझ्याकडून काढून घेतलीस असं मला वाटलं. हे चुकीचं आहे, मला कळतं. पण तुझ्याशी खोटं बोलायचं तर लिहायचं कशाला.

राग उतरल्यावर आणखी वाईट प्रश्न डोक्यात आला. हे थांबलं कधी? मधल्या वर्षांतल्या माझ्या पुष्कळ मोटरी मी उघडल्या आहेत आणि त्यांत माझ्याच गाठी आहेत. पण त्या माझ्याकडं आल्या म्हणून मला दिसल्या. ज्या तुझ्याकडं गेल्या त्यांचं काय? म्हणजे मी चांगला कारागीर झालो का, आणि झालो तर कधी, हे सांगणारा माणूसच आता नव्हता. आणि महिनाअखेर मला त्याच नावाखाली सही करायची होती.

सांगलीच्या माणसाला मी बोलावून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, त्यानं काय फरक पडतो? लोकांना तुमच्याबद्दल चांगलं वाटतं. गुडविल म्हणजे तेच की." मी म्हणालो, मग ते खोटं असलं तरी चालतं? त्यानं फाइल चाळून बघितली, जणू तिथं उत्तर लिहिलेलं असणार होतं. मग म्हणाला, महिनाअखेरपर्यंत विचार करा. पोरगा वाईट नाही. पण त्याचं उत्तर माझ्या गळी उतरलं नाही. लोकांना वाटतं एवढंच जर ते असेल, तर बापूंना जे वाटत होतं ते कुणाचं? बापूंना ते माझ्याबद्दल वाटत होतं आणि केलं होतं तू. तुझ्या दोरीनं, तुझ्या तारेनं, तुझ्या तीन दिवसांनी. आणि ते माझ्या घरात येऊन राहिलं होतं, मला पत्ता नसताना. असली वस्तू मी आजवर बघितली नाही. तिला पत म्हणावं, नाव म्हणावं की तो पोरगा म्हणतो ते म्हणावं, मला ठरवता आलेलं नाही.

शेवटी तुझ्या घरी गेलो. वहिनी परड्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी वर न बघताच विचारलं, "किती घावल्या?"

"नऊ."

"आजून आसत्याल."

त्यांना सगळं ठाऊक होतं, आनंदा. बाजाराच्या वारी तू शटर अर्धं ओढून आत माझ्या मोटरी भरत बसायचास आणि त्या तुला भाकरी घेऊन यायच्या. मी रस्त्याच्या पलीकडून ते अर्धं शटर बघायचो आणि मनात म्हणायचो, आनंदाचा धंदा बसला वाटतं.

"वहिनी, का केलं त्यानं हे?"

"मीबी इचारलं हुतं," त्या म्हणाल्या. "एकदाच. म्हणलं, त्यो तुमास्नी चार लोकांत वाट्टेल ते बोलला, आन तुमी त्येची कामं निस्तरताय. तर म्हणले, पंदरा वर्सांनी गावात आलाय त्यो. गावानं एकदा त्येला वाईट म्हणलं, तर आता परत जायाला त्येला फौजबी न्हाई." त्यांनी दोन शेंगा फोडल्या. "आन म्हणले, मोटर काय दत्ताची न्हाई, शेतकऱ्याची हाय. ती पडून कशी चालंल?"

मग त्यांनीच मान वर केली. "खरं सांगू का भावजी? कामाचं त्येस्नी काय वाटलं न्हाई. तुमी बोलत नव्हता त्येचं लय वाटायचं. रोज घरी आलं की पयलं सांगायचं, आज दत्ता बोलला न्हाई. हवामानाचं सांगावं तसं."

परड्यात बसून मी रडलो. वहिनींनी मला रडू दिलं आणि सूप माझ्या बाजूला सरकवलं. निम्म्या शेंगा मी फोडल्या. तुझी माफी मी कधी मागितली नाही, रे. बोलायला लागलो तेव्हा मागायला पाहिजे होती, पण तेव्हा वाटलं, बोलतोय की आता, माफी त्यातच आली. ती त्यात आली नव्हती.

आणि बोलायला लागलो ते तरी कसे? ते पण आता उलगडतंय. दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात तू एक जुनं लोखंडी कपाट हातगाड्यावर घालून माझ्या दाराशी आणलंस. आत तू दिवे बसवले होतेस, मोटरी वाळवायला. सव्वा वर्षानं पहिलं वाक्य बोललास, ते असं: "माझ्यात जागा न्हाई रं. तुझ्या कोपऱ्यात ठिवू का? मीबी वापरीन, तूबी वापर." मी मोठ्या मनानं हो म्हणालो. तुझ्यावर उपकार करतोय असं मला वाटत होतं. कपाट माझ्या दुकानात, दिवे लागलेले, मग रिकामं कशाला ठेवायचं म्हणून मीही माझ्या मोटरी त्यात ठेवू लागलो. पावसाळ्यात तसंही घाईचं काम नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला सवय लागून गेली आणि ती उद्या न्यायची पाटी मी कधी उतरवली ते मलाही आठवत नाही. तुझ्या दुकानात जागा नव्हती म्हणे. परवा वहिनींनी किल्ली दिली म्हणून मी तुझं शटर उघडून बघितलं. आत तसली चार कपाटं बसतील.

पण कपाट आलं म्हणून मोटरी जळायच्या थांबल्या का, हे कपाट कसं सांगणार? वार्निश वाळवणं ही एक गोष्ट झाली. हात बसला की नाही, ही दुसरी. मला अशी मोटर पाहिजे होती जी कपाटानंतर मी भरली आणि नंतर तुझ्याकडं गेली. तशी एकही येईना. उन्हाळा तोंडावर आलेला, चालू मोटर कोण उपसून आणतो?

सहीला चार दिवस राहिले आणि वडूजकडचे एक काका टेम्पोतून मोटर घेऊन उतरले. त्यांची सासुरवाडी पलूसची, त्यामुळं येता-जाता मोटर इकडंच दुरुस्त करून न्यायची त्यांची पद्धत. तिकडं माळरानाची शेती, एक विहीर, तीही उन्हाळ्याआधीच तळाला गेलेली, म्हणून मोटर रिकामीच होती. तुमचा निरोप मेव्हण्याकडनं उशिरा कळला म्हणाले. मी नंबर बघितला. कपाट आल्यानंतरचा उन्हाळा, म्हणजे पहिलाच उन्हाळा ज्यात मी वाळवून काम दिलं.

झाकण काढलं आणि बेअरिंगला पिवळं ग्रीस. तू आत येऊन गेला होतास.

पाना हातातच राहिला. काका काहीतरी बोलत होते, पाऊस, मेव्हणा, टेम्पोचं भाडं, मला काही ऐकू येत नव्हतं. मनात म्हणालो, म्हणजे ही पण. म्हणजे कपाटानंतर पण. तो पोरगा चार दिवसांनी फाइल घेऊन येईल आणि मी त्याला सांगेन की पोरा, तू शोधत होतास तो माणूस समोरच्या बंद दुकानात होता. मग मधला फिरता रोटर बाहेर काढला, बॅटरीचा उजेड पाडला आणि आत बघितलं.

गाठी माझ्या होत्या. उजव्या हाताच्या, टोकं बाहेर, जरा गबाळ्याच. एक, दोन, तीन, सगळीकडून फिरून बघितलं. दोरी जुनी, वार्निश माझं, तार माझी. तू एकाही गाठीला हात लावला नव्हतास.

"काका," मी विचारलं, "ही मोटर आनंदाकडं कवा नेल्ती?"

"झाली की सात-आठ वर्सं. चालता चालता बंद पडली. तुमी नव्हता, म्हणून समोर दिली. त्येनं उघडली, मीटर लावला, आन म्हणला, काका, तुमची केबल गेलीया, मोटर बरी हाय. नुसतं ग्रीस भरतो."

"आन लगेच बंद केली?"

"न्हाई न्हाई. ती उघडी ठिवून लय वेळ आत बघत बसला हुता. मला वाटलं, आता ह्यो खर्च काडतोय. म्हणलं, आनंदराव, काय बिघडलंय ते सांगा तरी." काका हसले. "तर म्हणला, काय न्हाई बिघडलं. तेच बघत बसलोय."

सांगलीच्या माणसाला फोन करून म्हणालो, सही करतो, फाइल घेऊन ये. काकांना म्हणालो, मोटर आजचा दिवस राहू द्या. त्यांनी विचारलं, काय काम निघालं का? मी म्हणालो, काय न्हाई.